आधी बोर्डाला विचारा

कात्रजचा घाट ओलांडून सातारा रस्त्याला लागले आणि खेड-शिवापूर मागे टाकले, की आमचे शिवरे येते. तालुका भोर. मोटारीतून जाणाऱ्याला गाव दिसत नाही, रस्त्याकडेची हॉटेले तेवढी दिसतात. गाव आत आहे आणि त्याच्याही आत भातखाचरे. गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. झोडणी उरकून भात घरात आले होते. रविवारची दुपार होती. मी ओसरीवर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडलो होतो. एवढ्यात पुतण्याने आपला मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

‘‘काका, हा बोर्ड ओव्हरक्लॉकिंग घेतो का?’’

पुतण्या लग्नांचे व्हिडिओ जुळवून देण्याचा व्यवसाय करतो. जुना संगणक पार थकला आहे. यंदा इंद्रायणी विकून दादाने थोडे पैसे त्याच्यासाठी बाजूला ठेवले होते. तेवढ्या पैशांत बसणारा एक वापरलेला प्रोसेसर आणि मदरबोर्ड त्याला पुण्यातल्या एका विक्रेत्याने दाखवला होता. प्रोसेसर होता ‘कोअर आय-५ १२६०० के’. विक्रेत्याचे म्हणणे असे, की नावाच्या शेवटी ‘के’ आहे म्हणजे तो हवा तेवढा पळवता येतो. थोडा पळवला की वरच्या, महागड्या मॉडेलचे काम करतो. विसार संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता.

मोबाइलवरच्या चित्रात मी बोर्डाचे नाव शोधले. नावात ‘बी ६६०’ अशी अक्षरे होती. उत्तर मला त्याच क्षणी कळले होते. पण नुसते ‘नाही’ म्हटले असते तर पोराचा विश्वास बसला नसता. चोविशीच्या पोराला काकाचे ‘नाही’ म्हणजे म्हातारपणाचे लक्षण वाटते. म्हणून मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक विहिरीवरच्या इंजिनाची आणि दुसरी माझ्या स्वतःच्या मूर्खपणाची. त्याच आज वाचकांनाही सांगतो.

गव्हर्नरचा स्क्रू

आमच्या विहिरीवर पूर्वी ऑइल इंजिन होते. पट्ट्यावर पंप चाले. या इंजिनाला गव्हर्नर नावाचा एक भाग असतो. इंजिन ठरलेल्या फेऱ्यांच्या पुढे जाऊ लागले, की गव्हर्नरची फिरती वजने बाहेर फाकतात आणि डिझेल आपोआप कमी होते. त्याची स्प्रिंग किती ताणायची हे एका स्क्रूवर ठरते. मी शाळेत होतो. वडील जेवायला घरी गेले होते आणि हरभऱ्याला पाणी चालू होते. मी तो स्क्रू आवळला. इंजिनाचा आवाज चढला, पाटात पाणी जोरात येऊ लागले आणि मला वाटले, इतकी वर्षे ही माणसे उगाच हळूहळू पाणी देत बसली.

वडिलांनी बांधावरूनच आवाज ओळखला. धावत येऊन त्यांनी स्क्रू सैल केला. मला मारले नाही. इंजिनाच्या पायाकडे बोट दाखवले. चार बोल्टांपैकी एक ढिला होऊन थरथरत होता. ‘‘इंजान तुझं ऐकंल रं,’’ ते म्हणाले, ‘‘पर ह्यो पाया ऐकणार हाय का?’’

वडील शिकलेले नव्हते, पण जे बोलले ते पुढे पुस्तकात हिशेबासह वाचायला मिळाले. अशा पंपाचा वेग १० टक्क्यांनी वाढवला तर पाणी साधारण १० टक्केच जास्त मिळते. पण त्यासाठी लागणारी शक्ती ३३ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या घनाने चढते. मिळकत दहाची आणि खर्च तेहतिसाचा. तो वाढीव खर्च इंजिनाला, पट्ट्याला, बेअरिंगला आणि शेवटी पायाला सोसावा लागतो.

संगणकाचा प्रोसेसर हे असेच एक इंजिन आहे. त्याचे काम ठोक्यावर चालते. बोर्डावरचे घड्याळ एक मूळ ठोका देते आणि प्रोसेसर त्याला ठरावीक संख्येने गुणून आपला वेग गाठतो. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ४५ असला, की वेग झाला साडेचार गिगाहर्ट्झ. यांतला ठोका किंवा गुणक ठरल्यापेक्षा वर नेणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. आपल्या भाषेत, गव्हर्नरचा स्क्रू आवळणे.

खर्चाचा हिशेबही जवळजवळ तोच आहे. प्रोसेसरला लागणारी शक्ती वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग चढवला की काम अचूक राहण्यासाठी बहुधा व्होल्टेजही चढवावे लागते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवली, की गुणाकार येतो १.३३. पुन्हा दहाला तेहतीस! ही वाढीव वीज आणायची कुठून, तर बोर्डामधून. म्हणून ‘माझा प्रोसेसर पळेल का’ हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा पायाला विचारायचा असतो.

ब्याऐंशी नव्हे, त्र्याऐंशी

दुसरी गोष्ट १९९९ सालची. नसरापूरच्या बाजारपेठेत माझे छोटे डीटीपीचे दुकान होते. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डे, निवडणुकीची पत्रके. त्या काळात संगणकाच्या दुनियेत एका प्रोसेसरचा फार बोलबाला होता. १९९८ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने ‘सेलेरॉन ३०० ए’ काढला. गरिबांसाठी केलेला हा प्रोसेसर. मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झ, गुणक साडेचार, वेग ३०० मेगाहर्ट्झ. गुणक कंपनीने कुलूपबंद केलेला होता, पण ठोका बोर्डाच्या हातात होता. आणि चांगल्या बोर्डावर ठोका १०० केला, की हाच प्रोसेसर पुष्कळदा ४५० मेगाहर्ट्झवर मुकाट्याने चाले. त्याच महिन्यात आलेला ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम-२ कितीतरी पट महाग होता. तैवानच्या अबिट कंपनीच्या ‘बीएच ६’ बोर्डावर तर जंपरही हलवावे लागत नसत. पडद्यावरच्या यादीतून आकडा निवडला की झाले. काही हिकमती लोक प्रोसेसरच्या बी-२१ क्रमांकाच्या संपर्कपट्टीवर चिकटपट्टीचा तुकडा लावत. त्यामुळे ‘मला ६६ चा ठोका दे’ ही प्रोसेसरची खूण बोर्डापर्यंत पोचत नसे आणि बोर्ड त्याला १०० चा ठोका देई.

ही काही नवी विद्या नव्हती. १९८४ साली आयबीएमने ‘एटी’ संगणक ६ मेगाहर्ट्झवर काढला, तेव्हाही लोक त्यातला स्फटिक काढून जास्त वेगाचा बसवत असत. कमी पैशात जास्त काम काढण्याची ही खटपट आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. जीपच्या इंजिनावर उसाचा रस काढणारे लोक आहोत आपण.

मीही तो सेलेरॉन घेतला. पण चांगल्या बोर्डाला पैसे पुरेनात, म्हणून स्वस्तातला बोर्ड घेतला. त्याच्यावर १०० ची सोय नव्हती. माहितीपुस्तिकेत ६६, ७५ आणि ८३ असे तीन आकडे होते. मी ८३ वर जंपर लावला. साडेचारने गुणले की ३७५ मेगाहर्ट्झ. यंत्र सुरू झाले. पाने भराभर उघडू लागली. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते कौतुकाने दाखवले.

तीन आठवडे काही झाले नाही. किंवा असे म्हणू, की काही झालेले मला दिसले नाही. मग ऐन लग्नसराईत एके दिवशी पत्रिकांच्या फायली उघडेनात. काही उघडल्या, पण आतला मजकूर भलताच. धूर निघाला नाही, जळका वास आला नाही. हार्ड डिस्कवरची माहिती रोज थोडी थोडी नासत गेली होती आणि मी रोज रात्री तीच नासलेली माहिती इमानेइतबारे फ्लॉपीवर उतरवून ठेवत होतो.

कारण पुढे कळले. बोर्डावर प्रोसेसर एकटा नसतो. हार्ड डिस्कची जोडणी ज्या पीसीआय मार्गावरून होते, त्याचा ठोका ३३ मेगाहर्ट्झ असायला हवा आणि तो मूळ ठोक्याला भागून काढला जातो. ६६ ला दोनाने भागले की ३३. १०० ला तिनाने भागले की पुन्हा ३३. पण माझ्या बोर्डाला ८३ साठी दोनाचाच भागाकार ठाऊक होता. उत्तर आले जवळपास ४२. प्रोसेसर मजेत होता. बिचाऱ्या डिस्कला मी धापा टाकायला लावल्या होत्या. गंमत पाहा, चांगल्या बोर्डावरचे १०० हे माझ्या बोर्डावरच्या ८३ पेक्षा सुरक्षित होते. बोर्डाचा काही दोष नव्हता. आकडा लावता येतो म्हणजे तो पेलतो, अशी समजूत मी करून घेतली होती.

पत्रिका पुन्हा जुळवता आल्या. रात्री जागून आणि लोकांच्या शिव्या खाऊन जुळवल्या. पण त्याच डिस्कवर आईच्या ओव्या होत्या. जात्यावरच्या. फावल्या वेळात तिच्याकडून ऐकून मी त्या लिहून घेत होतो. शंभराच्या वर झाल्या होत्या. आईला म्हटले, पुन्हा सांग. ती म्हणाली, ‘‘आता कुठल्या कुठल्या सांगितल्या ते मला तरी काय ठाऊक? येतील तशा येतील.’’ साठेक आल्या. त्या मी वहीत लिहिल्या. उरलेल्या कोणत्या होत्या हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

हे मी घरात कधी बोललो नव्हतो. ‘कॉम्प्युटर बिघडला’ एवढेच सर्वांना माहीत होते. पुतण्या ऐकून काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘पण काका, तेव्हाचे बोर्ड आणि आताचे बोर्ड यांत फरक आहे ना?’’

फरक आहे आणि मोठा आहे. म्हणूनच त्या संध्याकाळी विसार पाठवण्याआधी बोर्डाला विचारायला हवे होते.

तीन प्रश्न

पहिला प्रश्न परवानगीचा. २०११ च्या सुरुवातीला इंटेलने चित्र पालटले. मूळ ठोका संगणकाच्या इतर भागांशी असा बांधून टाकला, की तो चार-दोन टक्क्यांहून फार हलवला तर बाकीचे सगळे डळमळू लागते. राहिला गुणक. तो मोकळा ठेवला फक्त काही प्रोसेसरांत आणि त्यांच्या नावापुढे ‘के’ अक्षर लावले. पण या मोकळ्या गुणकाला हात घालण्याची मुभा बोर्डावरच्या चिपसेटकडे असते आणि इंटेलच्या घरच्या संगणकांत ती मुभा ‘झेड’ अक्षराच्या चिपसेटला मिळते : झेड ६९०, झेड ७९० वगैरे. ‘बी’ आणि ‘एच’ अक्षरांच्या चिपसेटला ती नाही. म्हणजे पुतण्याला दाखवलेल्या जोडीत किल्ली होती, पण कुलूप दुसऱ्याच दाराचे होते. विक्रेता प्रोसेसरबद्दल खोटे बोलत नव्हता. तो बोर्डाबद्दल बोलतच नव्हता.

मधल्या काळात पळवाटाही निघाल्या. २०१५-१६ च्या सुमारास काही बोर्ड-कंपन्यांनी ‘के’ नसलेले प्रोसेसरही मूळ ठोक्यावरून पळवण्याची युक्ती बायोसमध्ये दिली होती. थोड्याच दिवसांत नव्या बायोसमधून ती काढून घेण्यात आली. पळवाटेवर प्रपंच मांडू नये, एवढा धडा त्यातून घ्यावा.

एएमडीचा कारभार थोडा सैल आहे. २०१७ पासूनच्या त्यांच्या बहुतेक रायझन प्रोसेसरांचा गुणक मोकळा असतो. ‘एक्स थ्रीडी’ जातीतले काही त्याला अपवाद आहेत. पण तिथेही बोर्ड पाहावाच लागतो. बी ३५०, बी ४५०, बी ५५०, बी ६५० आणि ‘एक्स’ अक्षराचे चिपसेट परवानगी देतात. ए ३२०, ए ५२०, ए ६२० हे स्वस्तातले देत नाहीत. तेव्हा ‘बी’ अक्षर एका घरात चालते आणि दुसऱ्या घरात चालत नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

बोर्डाचे नाव बोर्डावरच, बहुधा खाचांच्या मधल्या मोकळ्या जागेत छापलेले असते. चालू संगणकावर ‘सीपीयू-झेड’ या मोफत प्रोग्रामच्या ‘मेनबोर्ड’ या पानावर ते दिसते. नाव मिळाले की कंपनीची माहितीपुस्तिका काढून वाचावी. विक्रेत्याच्या तोंडापेक्षा ती जास्त बोलते.

दुसरा प्रश्न ताकदीचा. समजा बोर्ड ‘झेड’ आहे. तरी तो वीज पेलेल का? प्रोसेसरला वीज सव्वा व्होल्टच्या आसपास लागते आणि बोर्डाकडे ती येते १२ व्होल्टने. हे रूपांतर प्रोसेसरभोवतीचे मॉस्फेट, कॉइल आणि कपॅसिटर मिळून करतात. वर सांगितलेला १२६०० के प्रोसेसर काही न ताणताही १५० वॅटपर्यंत जातो. १५० ला सव्वाने भागा. १२० अँपिअर! आपल्या शेतातली पाच हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार साडेसात-आठ अँपिअर घेते. व्होल्टेज अगदी कमी असल्यामुळे एकूण शक्ती मोटारीच्या मानाने किरकोळ असते, हे खरे. पण एवढा प्रवाह वाहून नेणारे भाग बोटाच्या पेराएवढे असतात आणि ते तापतात. त्यांच्यावर धातूचे चांगले जाड आवरण आहे का, १२ व्होल्टची आठ टाचण्यांची जोडणी पुरी आहे का, हे डोळ्यांनी पाहता येते. उघड्या मॉस्फेटचा बोर्ड पळवायला घेणे म्हणजे ढिल्या पायावरचे इंजिन.

तिसरा प्रश्न सोयीचा आणि सुरक्षेचा. बायोसमध्ये गुणक, व्होल्टेज आणि शक्तीची मर्यादा बदलता येते का? तापमान दिसते का? चुकीचा आकडा पडून यंत्र सुरूच झाले नाही, तर सारे मूळपदावर आणणारा जंपर कुठे आहे? गव्हर्नर आवळण्याआधी तो सैल कसा करायचा हे माहीत असावे.

वेगाचे व्याज

‘‘म्हणजे झेड बोर्ड घेतला तर जमेल,’’ पुतण्या म्हणाला. जमेल. पण आम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. ‘झेड’ बोर्ड महाग. थंड ठेवणारा पंखाही मोठा हवा. वीजपुरवठ्याचा डबा वरच्या ताकदीचा हवा आणि यूपीएसचा टिकाव कमी होणार तो वेगळाच. एवढे करून वेग १० टक्के वाढला, असे समजू. तासाभराचे काम साडेचोपन्न मिनिटांत होईल. साडेपाच मिनिटांसाठी दादाचे किती पोती भात?

आणि हाताने पळवण्यासारखे आता शिल्लकही फारसे राहिलेले नाही. कंपन्याच प्रोसेसरला पळवून विकतात. हाच १२६०० के नावाला ३.७ गिगाहर्ट्झचा आहे, पण गरज पडली की आपण होऊन ४.९ पर्यंत जातो आणि त्यासाठी ‘झेड’ बोर्ड लागत नाही. ती ओढाताणही कधी कधी अंगाशी येते. २०२४ साली इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही प्रोसेसरांना ठरावीक परिस्थितीत जास्त व्होल्टेज दिले जात असल्याचे आणि त्याने ते अस्थिर होत असल्याचे उघड झाले. ऑगस्टमध्ये बायोसमार्फत दुरुस्ती द्यावी लागली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. कंपनीचा हात चुकला तर हमी तरी असते. आपण स्वतः पळवले, तर बहुधा ती हमीही हातची जाते.

मला वाईट याचे वाटते, की १९९९ साली ही विद्या माझ्यासारख्या तुटपुंज्या भांडवलाच्या माणसाची होती. स्वस्त घ्यायचे, डोके चालवायचे आणि महागाचे काम काढायचे. आज तीच मुभा अक्षर लावून, जास्त किमतीला विकली जाते. काटकसरीची युक्ती हौशी श्रीमंतांचा खेळ झाली. खेळ म्हणून तो छानच आहे. ज्याला यंत्राचा स्वभाव समजून घ्यायचा आहे आणि नुकसान सोसता येते, त्याने जरूर खेळावा. पण ज्या यंत्रावर दुसऱ्यांच्या लग्नांचे व्हिडिओ आहेत, त्या यंत्रावर खेळू नये.

‘‘मग वेग आणायचा कुठून?’’ पुतण्याचा प्रश्न रास्त होता. त्याचे एक उत्तर आपल्या पुण्यातच मिळाले होते. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तिथे ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यांनी एकाच प्रोसेसरला पळवत नेले नाही. बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर जातीचे पुष्कळ प्रोसेसर एकत्र कामाला लावले. आवणीला एकाच गड्याला दामटण्यापेक्षा दहा जणी ओळीने उतरल्या की खाचर लवकर उरकते, तसेच ते. व्हिडिओचे काम अशा वाटून घेण्याला सोयीचे असते. तेव्हा जास्त गाभ्यांचा प्रोसेसर, पुरेशी रॅम आणि वेगवान डिस्क यांवर घातलेला पैसा त्याला जास्त फळ देणार होता.

विसार गेला नाही. पुढच्या आठवड्यात पुतण्याने ‘के’ नसलेला, पण जास्त गाभ्यांचा प्रोसेसर आणि ‘बी’ बोर्ड नवा, पावतीसह घेतला. रॅमच्या पाकिटावर छापलेला वेग ‘बी ६६०’ बोर्डावरही बायोसमधल्या ‘एक्सएमपी’ या सोयीने मिळवता येतो; तो मात्र त्याने माहितीपुस्तिका वाचून, रॅमचे नाव यादीत आहे हे बघून चालू केला. उरलेल्या पैशांत एक जादा डिस्क आली. दादाने एकच विचारले, ‘‘ही दुसरी कशापाई?’’

‘‘पहिली बिघडली तर,’’ पुतण्या म्हणाला आणि माझ्याकडे पाहिले.

त्या रात्री त्याने माझ्याकडून ओव्यांची वही मागून नेली. लग्नांच्या कामाआधी त्याने त्या साठ ओव्या टाइप केल्या आणि दोन्ही डिस्कवर ठेवल्या. मग प्रत आपल्या मोबाइलवर उघडून, एकेक ओळ वहीशी ताडून पाहत बसला.